लेकीच्या बाळंतपणास जर्मनीला जाताना



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या मानाने आजचा माझा विषय अगदी घरगुती आहे. लेकीचे बाळंतपण परदेशी व्हावयाचे असेल, तर तिच्या आईने तेथे वेळेवर पोहोचावे कसे, एवढाच तो प्रश्न. परंतु गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या वस्त्यांतून हा प्रश्न आता इतक्या घरांत उभा राहतो, की त्याचा नीट, क्रमवार विचार करण्यास एक संध्याकाळ खर्ची घालावी असे मला वाटले.

पहिले बाळंतपण माहेरी, अशी आपली रीत. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येई, चाळीतल्या बायका डोहाळजेवण करीत, आणि सव्वा महिना होईपर्यंत तिला कोणी पाण्यात हात घालू देत नसे. आता तीच मुलगी स्टुटगार्टच्या एखाद्या मोटारीच्या कारखान्यात अभियंता असते. तिची नोकरी तेथे, तिचा वैद्यकीय विमा तेथे, तिचे डॉक्टर तेथे. ती माहेरी येऊ शकत नाही, तेव्हा माहेरालाच उठून तिच्याकडे जावे लागते. स्टुटगार्ट हे नाव मी उगाच घेतले नाही. १९६८ पासून ते आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे. पण बहीण झाली तरी तिच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. त्या परवानगीचे नाव व्हिसा.

सोयीसाठी आपण एक उदाहरण घेऊ. समजा, लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या एक बाई आहेत. यजमान गिरणीतून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास, मुलगी स्टुटगार्टला. डॉक्टरांनी तारीख दिली आहे १० जून. बाईंनी आगगाडीखेरीज दुसरा लांबचा प्रवास केलेला नाही. या बाईंना १५ मेपर्यंत मुलीजवळ पोहोचवावयाचे आहे. बाळंतपणाची तारीख कचेरीच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक पाऊल वेळेत पडले पाहिजे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. व्हिसा हा मूळ लॅटिन शब्द. ‘कार्ता व्हिसा’ म्हणजे पाहिलेला कागद. आपल्या शाळेत मास्तर वहीवर ‘पाहिले’ असे लिहून सही करीत, कचेरीत साहेब टिपणीवर ‘पाहिले’ म्हणून लिहितात. व्हिसा म्हणजे नेमके तेच. परक्या राज्याचा अधिकारी तुमचे पारपत्र आणि कागद पाहतो आणि त्यावर ‘पाहिले, येऊ द्यावे’ असा शेरा मारतो. ही कल्पना आपल्याला नवी नाही. या किनाऱ्यावर पोर्तुगीज गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचे परवाने देत, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे दस्तक जवळ असल्याशिवाय कोकणच्या समुद्रातून निर्धास्तपणे जाणे व्यापाऱ्यांना कठीण होते. दस्तक मागणारे आपण होतो तेव्हा ते आपल्याला न्याय्य वाटे. आज देणारे दुसरे आहेत, इतकाच फरक.

येथे एक भेद मनात पक्का धरला पाहिजे. आपल्या देशातून बाहेर जाणे हा एक प्रश्न आणि दुसऱ्याच्या देशात शिरणे हा दुसरा. पहिल्याचे साधन पारपत्र, म्हणजे पासपोर्ट. दुसऱ्याचे साधन व्हिसा. परक्या सत्तेच्या काळात बाहेर जाणे हेही सरकारच्या मर्जीवर होते. १९१८ साली होमरूल लीगचे शिष्टमंडळ घेऊन लोकमान्य टिळक इंग्लंडला निघाले. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली, आणि तेथे त्यांची पारपत्रे रद्द झाल्याचे कळले. पुढे त्याच वर्षी चिरोलसाहेबावरील खटल्याच्या कामासाठी लोकमान्यांना जाऊ दिले, ते राजकीय चळवळ करावयाची नाही या अटीवर. स्वातंत्र्यानंतरही हा अधिकार स्पष्ट होण्यास वीस वर्षे लागली. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की परदेशी जाणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय सरकार पारपत्र नाकारू शकत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्राचा कायदा झाला. तेव्हा पारपत्र हा आपला हक्क आहे. व्हिसा मात्र हक्क नव्हे. ती यजमानाची संमती आहे, आणि संमती मागताना आपली बाजू नीट मांडणे हे पाहुण्याचे काम आहे.

परकीय चलनाची अडचण आता उरलेली नाही. एके काळी बोटीचे वा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेकडून ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे, आणि खिशात मोजके डॉलर घेऊन माणसे विमानात बसत. आज रिझर्व्ह बँकेच्या उदार योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता किंवा पाठविता येते. तेव्हा आपल्या बाईंची अडचण चलनाची नाही. ती कागदांची आहे.

आता जर्मनीचा व्हिसा म्हणजे नुसत्या जर्मनीचा नव्हे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपापसांतील सीमेवरची तपासणी उठविण्याचा करार केला. १९९५ च्या मार्चपासून तो प्रत्यक्ष अमलात आला. आज त्या मंडळात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. एकाने व्हिसा दिला की थोड्या मुदतीसाठी सर्वांकडे फिरता येते. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र या मंडळात नाहीत. तिकडे जावयाचे तर वेगळा अर्ज. अर्ज कोणाकडे करावा, याचा नियम असा: ज्या देशात मुख्य मुक्काम, त्याच्याकडे. सर्वत्र मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशात प्रथम पाऊल पडणार त्याच्याकडे. अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो असे ऐकून तिकडे अर्ज करणे आणि राहणे मात्र जर्मनीत, ही युक्ती अंगाशी येते.

कचेरीतील अधिकारी आपल्याला ओळखत नाही. चाळीत आपल्याला शंभर माणसे पायरवावरून ओळखतात. तेथे आपण म्हणजे फक्त एक कागदांचा गठ्ठा. तो गठ्ठा चाळताना अधिकारी तीन प्रश्न विचारीत असतो. या बाई कशासाठी येत आहेत? खर्च कोणाचा? आणि त्या परत जातील कशावरून? मागितलेला प्रत्येक कागद या तिहींपैकी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो. हे एकदा समजले, म्हणजे कागदांची लांबलचक यादी पाहून छाती दडपत नाही.

पहिला प्रश्न कारणाचा. कित्येकांना सल्ला मिळतो, की ‘बाळंतपण लिहू नका, सहल लिहा, भानगड नको.’ हा सल्ला चुकीचा आहे. सहल लिहिली की सहलीचा कार्यक्रम दाखवावा लागतो, उतरण्याच्या जागा दाखवाव्या लागतात, आणि साठीच्या बाई एकट्याने तीन महिने कसली सहल करणार हा संशय आपणच निर्माण करतो. खरे कारणच येथे सर्वांत बळकट आहे. मुलीचे निमंत्रणपत्र, तिच्या पारपत्राची व राहण्याच्या परवान्याची प्रत, आणि गर्भारपणाचा दाखला जोडावा. जर्मनीत प्रत्येक गर्भवतीला ‘मुटरपास’ नावाची लहानशी पुस्तिका मिळते. तीत तपासण्यांची नोंद आणि अपेक्षित तारीख असते. त्या पानाची प्रत जोडली की कारणाबद्दल बोलण्यासारखे फारसे उरत नाही. मायलेकींचे नाते सिद्ध करण्यास मुलीचा जन्मदाखला लागतो. तो नुसता मराठीत असेल तर भाषांतर करून घ्यावे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. येथे आपली माणसे एक ठरावीक चूक करतात. बाईंच्या खात्यात वीस हजार रुपये असतात. मग दीर, मेहुणे, शेजारी मिळून दोन-चार लाख आणून पंधरा दिवसांपुरते खात्यात ठेवतात. पण अधिकारी शेवटचा आकडा पाहून थांबत नाही. तो मागच्या महिन्यांचा उतारा पाहतो. एका दिवसात आभाळातून पडलेली रक्कम त्याला लगेच दिसते, आणि ज्या कागदाने विश्वास वाटावयाचा त्याच कागदाने तो जातो. आपली बचत पुष्कळदा भिशीत, दागिन्यांत नाही तर पतपेढीत असते. तीत लाजण्यासारखे काही नाही. पण जी बचत कागदावर येत नाही ती येथे मोजली जात नाही, म्हणून ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी वर्षभर आधीपासून ती बँकेत किंवा पोस्टात ठेवण्याची सवय करावी.

आणि बाईंच्या जवळ पैसा नसेलच तर? तर तसे सरळ सांगावे. जर्मनीच्या कायद्यात यासाठी सोय आहे. यजमान, म्हणजे येथे मुलगी किंवा जावई, आपल्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन एक हमीपत्र करून देतात. त्याचे जर्मन नाव ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’. नावाला घाबरू नये. अर्थ एवढाच, की पाहुण्याचा सर्व खर्च, आजारपणाचादेखील, मी सोशीन. त्यासाठी २९ युरो फी पडते, आणि ते करून देण्यापूर्वी यजमानाची मिळकत तपासली जाते. हे हमीपत्र साधारणपणे सहा महिन्यांच्या आत वापरावे लागते, म्हणून फार आधी करू नये. ही मोठी जबाबदारी आहे, नुसती सही नव्हे. जावईबुवांना तिची कल्पना असावी. पण एकदा हे पत्र हाती आले, की उसन्या पैशांनी खाते फुगविण्याची गरज संपते.

तिसरा प्रश्न परत येण्याचा, आणि हाच सर्वांत नाजूक. अधिकाऱ्याच्या मनात शंका असते ती अपमान म्हणून नव्हे. कायद्याने ती बाळगणे हे त्याचे काम आहे. तिचे उत्तर म्हणजे आपली येथली मुळे. यजमान मुंबईत आहेत, त्यांचे निवृत्तिवेतन येथे येते, धाकटा मुलगा शिकतो आहे, घरी वृद्ध सासूबाई आहेत, खोली आपल्या नावावर आहे. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचे पत्र, आयकराची विवरणे, पेन्शनचे पुस्तक हे सर्व मुळांचेच पुरावे.

येथे चाळीतल्या माणसाची एक खास अडचण येते. खोली पागडीची, भाडेपावती अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावे. वीजबिल दिरांच्या नावे. इमारत पुनर्विकासात गेली असेल, तर राहणे तात्पुरत्या जागेत आणि पारपत्रावर जुना पत्ता. चाळीस वर्षे एका जागी राहिलेले हे कुटुंब कागदावर मात्र कोठेच राहत नसते. अशा वेळी खोटा भाडेकरार करण्याच्या फंदात पडू नये. पारपत्र काढतानाच पत्ता दुरुस्त करून घ्यावा, भाडेपावती नावावर करून घेण्याचे काम घरमालकाकडे सुरू करावे, आणि अर्जासोबत एक पानाचे साधे पत्र जोडावे: सासरे अमुक साली वारले, पावती त्यांच्या नावे आहे, आम्ही वारस म्हणून अमुक सालापासून राहतो, सोबत मृत्यूचा दाखला व शिधापत्रिका. सरळ लिहिलेल्या अशा एका पानाने गुंतागुंतीची हकीगत जितकी उलगडते, तितकी दहा शिक्क्यांनी उलगडत नाही.

दुसरी अडचण नावाची. लग्नात नाव बदलण्याची आपली पद्धत. शाळेच्या दाखल्यावर मालती, लग्नपत्रिकेत शुभांगी, बँकेत शुभांगी पण स्पेलिंग निराळे, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव भलतेच. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र या तीन निराळ्या बाया दिसतात. म्हणून पहिले काम हे, की सर्व कागद समोर मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून पाहावे. विवाहनोंदणीचा दाखला नसेल तर काढून घ्यावा. नावातील बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येतो. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची इमारत गिरगावकरांच्या रोजच्या वाटेवरच आहे, आणि अर्ज आता घरबसल्याही करता येतो. पण या सर्वांना आठवडे लागतात. म्हणून मुलीने गोड बातमी कळविली, की पेढ्यांच्या आधी कपाटातले कागद काढावेत, असे मी सुचवीन.

आता मुदतीचा हिशेब. या प्रकारच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. दिवस मोजावयाचे, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरावयाचे. आपल्या बाई १५ मे रोजी उतरल्या, तर मेचे १७, जूनचे ३०, जुलैचे ३१ मिळून ७८ होतात, उरले १२. म्हणजे १२ ऑगस्ट हा त्यांचा शेवटचा दिवस. १५ ऑगस्ट असे समजून तिकीट काढले, तर तीन दिवसांचा गुन्हा पदरी येतो. एवढे दिवस वापरल्यावर पुन्हा नव्वद दिवस राहण्याची मुभा ११ नोव्हेंबरपासून मिळते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे यंत्रात नोंदले जातात. शिक्का पुसट होता, ही सबब आता चालणार नाही.

मूल तारीख पाहून येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. १० जूनचे बाळ मेअखेरीस येऊ शकते किंवा जूनच्या तिसऱ्या आठवड्यातही. १५ मे ते १२ ऑगस्ट या मुदतीत दोन्ही बाजूंना पुरेशी जागा आहे. सव्वा महिना सुखाने पुरा होतो. त्याहून अधिक काळ मदत हवी असेल, तर आईने सगळे दिवस ताणण्यापेक्षा विहीणबाईंशी बोलावे. आईचे नव्वद दिवस संपण्याच्या सुमारास सासूबाई पोहोचल्या, तर लेकीला सहा महिने आधार मिळतो, आणि दोन्ही विहिणींना नातवंडाचे सुख. यासाठी लागणारा करार शेंगेनच्या करारापेक्षा कठीण असतो, पण अशक्य नाही.

अर्ज केव्हा करावा? प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी नाही, आणि पंधरा दिवसांहून उशिरा नाही. निर्णयास साधारणपणे पंधरा दिवस लागतात. अधिक चौकशी असेल तर पंचेचाळीसपर्यंत जातात. एप्रिल-मे हा आपल्याकडे सहलींचा हंगाम, तेव्हा भेटीच्या वेळा लवकर भरतात. म्हणून आपल्या बाईंनी फेब्रुवारीत अर्ज द्यावा. पारपत्र दहा वर्षांच्या आत काढलेले हवे, युरोप सोडल्यानंतर निदान तीन महिने चालणारे हवे, आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. फी मोठ्या माणसास ९० युरो, जून २०२४ पासून. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज घेण्याचे काम बहुतेक देशांनी खाजगी केंद्रांवर सोपविले आहे. या धंद्याची एक मोठी कंपनी, व्ही. एफ. एस., २००१ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. केंद्र कागद घेते, ठसे घेते आणि पुढे पाठविते. निर्णय वकिलातीचा असतो. तेव्हा ‘व्हिसा नक्की मिळवून देतो’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्यापुढे पैशाचे पाकीट उघडू नये. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी आणखी एक सवलत ठरविली: तीन वर्षांत दोनदा व्हिसा घेऊन तो नियमाने वापरला, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. म्हणजे पहिल्या खेपेची शिस्त पुढे दुसऱ्या नातवंडाच्या वेळी उपयोगी पडते.

प्रवासाचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, निदान ३०,००० युरोंचा. परंतु तो केवळ अर्जाला जोडण्याचा कागद समजू नये. साठीच्या माणसाला रक्तदाब, मधुमेह असतोच. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू आहे की नाही, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे आणि आजार लपवू नये. जर्मनीत रुग्णालयाचा खर्च सोसणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि हमीपत्रामुळे तो बोजा जावयाच्याच डोक्यावर येईल.

इतके करूनही नकार आला तर? आजवर मी पाहिलेल्या माणसांपैकी पुष्कळांनी नकार हा आपल्या अब्रूवरचा घाला मानला. तसे मानू नये. २००९ च्या व्हिसा-संहितेप्रमाणे नकार लेखी आणि कारणासह द्यावा लागतो. छापील फॉर्मवर कोणत्या कारणापुढे खूण आहे ते पाहावे. हेतू पटला नाही, साधने पुरेशी दिसली नाहीत, परतण्याबद्दल शंका वाटली. म्हणजे आपल्या तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर अपुरे पडले. ते पुरे करून पुन्हा अर्ज करता येतो, आणि दाद मागण्याचा हक्कही आहे. त्याची रीत त्या पत्रातच दिलेली असते. मागचा नकार मात्र लपवू नये. सर्व देशांच्या सामाईक नोंदीत तो दिसतो. आणि खोटा दाखला एकदा सापडला, की पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. नकार येण्याची शक्यता असते म्हणूनच रद्द न होणारे तिकीट व्हिसापूर्वी काढू नये. अर्जासाठी आरक्षण पुरते.

आता सामानाकडे वळू. बाळंतिणीसाठी नेण्याच्या वस्तूंनी प्रत्येक आईची पेटी भरलेली असते, आणि युरोपचे सीमाशुल्क खाते नेमके तेथेच आडवे येते. दूध-दुभते आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून प्रवाशाबरोबर नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे. साजूक तुपाचा डबा, खवा, पेढे जप्त होतात. डिंक, खारीक, हळीव, सुंठ, बाळंतशोपा कोरड्या न्याव्यात. लोण्याचे तूप स्टुटगार्टमध्ये कढवावे आणि लाडू तेथे वळावेत. ताज्या फळांना व भाज्यांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, म्हणून हापूसची पेटी घरीच ठेवावी. नियमातून पाच फळे वगळली आहेत: अननस, केळे, खजूर, दुरियन आणि नारळ. नारळाला मोकळीक आहे, ही आपल्याला समाधानाची गोष्ट. ओटी भरता येईल. विमान आखाती देशातून जात असेल तर खसखस मुळीच घेऊ नये. तेथे तिच्यावर बंदी आहे. औषधे तीन महिन्यांना पुरतील इतकीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव. ती मोठ्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोख असेल तर जाहीर करावी लागते; आपल्या बाईंना ती चिंता नाही.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान सुमारे नऊ तासांत पोहोचते. तेथून स्टुटगार्टला आगगाडी किंवा दुसरे विमान. चालण्याचा त्रास असेल, तर तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तो माणूस बाईंना तपासणीपासून पुढच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवितो. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो: कोठे, कशासाठी, किती दिवस? व्हिसा असला म्हणजे प्रवेश झालाच, असे नाही. इंग्रजी येत नसेल तर लाजू नये. एका कागदावर मुलीचे नाव, पत्ता, दूरध्वनी, येण्याचे कारण आणि परतीची तारीख इंग्रजीत व जर्मनमध्ये लिहून पारपत्रात ठेवावी. सोबत निमंत्रणपत्र, हमीपत्र, विम्याचा कागद आणि परतीचे तिकीट यांच्या प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात. अर्जात जे लिहिले तेच तोंडी सांगावयाचे आहे, आणि ते खरे आहे, एवढा भरवसा असला की उत्तर अडखळत नाही.

शेवटी एक सूचना करून मी आपली रजा घेतो. या सर्व कामात बुद्धीची गरज थोडी, पण इंग्रजी फॉर्म वाचून भरू शकणाऱ्या स्वस्थ माणसाची गरज फार. ज्या आईची मुलगी परदेशी असते, तिच्या घरी हा माणूस पुष्कळदा तीच मुलगी असते. आणि ती तर पोटुशी, सात हजार किलोमीटरवर, रात्री नोकरीवरून येऊन दूरध्वनीवर आईला स्पेलिंग सांगत बसते. आपल्या भागात इतकी वाचनालये, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव मंडळे आहेत. त्यांपैकी एखाद्या वाचनालयाने महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवली, निवृत्त झालेल्या दोन शिक्षकांनी आणि एखाद्या बँकेतल्या गृहस्थांनी तेथे बसून आल्यागेल्याचे कागद ताडून पाहिले, तर किती आयांचा अर्ज पहिल्याच खेपेस पुरा होईल! पूर्वी चाळीतली सुईण रात्री-अपरात्री उठून येई, तिला कोणी बोलावण्याचे शुल्क विचारीत नसे. बाळंतपण आता दूर गेले आहे. मदतीची ती रीत मात्र येथेच चालू ठेवता येईल.